बसलेली सोयरीक

"पाहुणे देवगाव फाट्यावर उतरले," असा फोन येताच पार्वतीबाईंनी लेकीला सतरंजीवर बसवलं, तिच्या पायांवर साडीचा घोळ पसरला आणि बजावलं, "त्ये जाईस्तोर उठायचं न्हाई. काय बी होऊ दे!"

शीलाचा डावा पाय जन्मापासून आखूड. ती लंगडत चालायची आणि तशीच रोज मानवतला जाऊन शिवणाचं दुकान चालवायची. गिऱ्हाइकांना त्याचं काही नव्हतं. लाज होती ती आईला.

"आई, मला चालत येऊ दे ना. बघू दे की त्येंला."

"तशी दोन स्थळं पळाली, तेवढी बास झाली!"

पाहुणे आले. कस्तुराबाई आणि त्यांचा मुलगा हरिओम. हरिओम अंगानं चांगलाच भरलेला, म्हणून त्यालाही आईनं वाटेत दम भरलेला होता, "गेल्या गेल्या बसायचं आन् उठायचं न्हाई. बसल्यावर अंग दिसत न्हाई." हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय, देव जाणे! तो हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत कसाबसा मावला. जगात सगळी माणसं काडीसारखीच असतात, असं धरून खुर्च्या करणाऱ्यांचं कौतुकच करायला हवं.

पोहे आणले शीलाच्या वडिलांनी, किशनरावांनी.

"पोरगी न्हाई आणत?" कस्तुराबाई चपापल्या.

"आमच्यात बापच आणतेत," पार्वतीबाईंनी ठोकून दिलं. घराण्याची ही रीत किशनरावांना तेव्हाच कळली.

"चला हरिओमराव, गोठा दाखवतो," ते म्हणाले.

"हितूनच दिसायलाय की!" कस्तुराबाई घाईनं म्हणाल्या. गोठा घराच्या मागं होता.

"पोरीला पाया पडायला सांगा," मग त्याच म्हणाल्या.

"हितूनच पडते!"

असं दोन तास चाललं. शेवटची बस जवळ आली तसा कस्तुराबाईंचा धीर सुटला. "पोरीला जरा चालून दाखवाय लावा."

"आधी तुमचा पोरगा उठवा!"

"आधी पोरगी!"

"म्या उठतो," वैतागून हरिओम उठला. त्याच्याबरोबर खुर्चीही उठली.

हरिओमची मान खाली गेली. शीलाला ते बघवेना. "थांबा, हलू नका!" म्हणत ती उठली, लंगडत गेली आणि दोन्ही हातांनी खुर्ची ओढून काढली.

"अगं बाई, लंगडी!" कस्तुराबाई.

"तुमचा केवढा जाड! फसवलं आमाला!" पार्वतीबाई.

"कोण कुणाला फसवायलंय?" शीला कडाडली. "लंगडी हाय मी. चालते बी. ज्याला बघायचं त्यानं बघावं."

"बघितलं," हरिओम म्हणाला. "मला पसंत हाय. आन् आता अजून थोडे पोहे बी द्या, लय भूक लागली."

शीला हसली. तिलाही पसंत होता.

घटकाभरानं दोन्ही विहिणी चुलीपाशी डोक्याला डोकं लावून कुजबुजत होत्या.

"लग्नात दोघांला पयल्यापासूनच स्टेजवर बसवून ठिवू. कुणाला कळायचं न्हाई."

"अगदी माझ्या मनातलं बोललात, विहीणबाई!"

शीला दारात उभी होती.

"आन् सप्तपदी?" तिनं विचारलं. "ती बी बसूनच?"