सत्तारभाई आणि मेलेला तांदूळ

सत्तारभाई डोळ्यात भिंग अडकवून तांदूळ पाहायचे. घड्याळजी लोक बारीक चाकं बघायला एका डोळ्याच्या खोबणीत जे काळं भिंग बसवतात, तेच. माझ्या राईस मिलच्या दारात उभे राहायचे, पोत्यातला एक दाणा उचलून उजेडाकडे धरायचे, आणि धान घेऊन आलेले शेतकरी श्वास रोखून बघत असताना निकाल द्यायचे.

"हा मेला."

"कोन मेला?" एखादा घाबरून विचारायचा.

"दाना. वसंता सेठनं याचं सारं विटामिन काढून बैलाले चारलं, अन् मुर्दा तुमच्या थैलीत भरला."

आता तुम्हीच सांगा. वसंता सेठ म्हणजे मी, याच मिलमध्ये पोती वाहून वर आलेला माणूस. जुन्या मालकाने मिल विकायला काढली तेव्हा बायकोच्या अंगावरचं सोनं मोडून ती घेतली. पॉलिशचं नवं यंत्र बसवलं, कारण ब्रह्मपुरीच्या बाजारात गिऱ्हाईक पांढराशुभ्र तांदूळ मागतं. आणि हा माणूस माझ्याच दारात उभा राहून माझ्याच मालाची मयत काढतो. मी धावून जायचो. तो शांतपणे भिंग पुसायचा. "सेठ, चिडू नका. चिडल्यानंही विटामिन जाते."

काही शेतकरी खरंच म्हणू लागले, "भाऊ, पॉलिश जरा कमीच मारा." तो राग माझ्या मनात आजही ताजा आहे.

सत्तारभाईंचं घड्याळाचं दुकान बसस्टँडच्या रस्त्याला होतं. मोबाईल अजून गावात आले नव्हते, त्यामुळे लोक घड्याळं दुरुस्त करून घ्यायचे. घरी ते आणि त्यांची आई, दोघंच. आईला सगळं गाव खाला म्हणायचं. खालाने उभा जन्म जत्रांमध्ये बांगड्या भरल्या. मार्कंड्याच्या जत्रेत तिच्यासमोर बायकांची रांग लागायची आणि एकदा हात धरला की कुठल्या गावची, कोणाची सून, हे तिला पुढच्या वर्षीही आठवायचं. हीच खाला एक दिवस स्वतःच्या दारासमोर उभी राहून "माझं घर कुठी आहे?" म्हणून विचारू लागली.

नागपूरच्या डॉक्टरने तपासण्या केल्या आणि अल्झायमर असं नाव सांगितलं. सत्तारभाईंनी परत आल्यावर मला एवढंच ऐकवलं, "डाक्टर म्हन्ते, गेलेली याददाश्त गोळीनं येत नाई. आंगात जे कमी असन ते भरून काढा, अन् वजन उतरू देऊ नका." वर म्हणाले, "याददाश्त अल्लाकडे. वजन माझ्याकडे."

हे वाक्य त्यांनी पुढे इतक्यांदा म्हटलं की गावातली पोरं त्यांच्या पाठीमागे ते म्हणायची. पण माणूस शब्दाला पक्का. औषधाच्या दुकानात जाऊन गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक छापील भिंगातून वाचायचे आणि दुकानदाराची उलटतपासणी घ्यायचे. ते लांबून येताना दिसले की तो बिचारा जेवायला निघून जायचा. घड्याळाच्या दुकानात काचेच्या टेबलावर मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला वाळत पडलेला असायचा. कॉलेजच्या एका सरांचं घड्याळ दुरुस्त होऊन गेलं आणि आठवड्याने बंद पडलं. उघडलं तर आत हिरवी पूड. सर भडकले. सत्तारभाई म्हणाले, "चालत नाई हे खरं, पन सर, हाडं मजबूत झाले त्याचे."

माझ्याकडे यायचे ते कोंड्यासाठी. तांदळाला पॉलिश मारताना जो बारीक कोंडा निघतो, तो आम्ही गुरांसाठी विकतो. मी मुद्दाम भाव चढवून सांगितला.

"बैलाले ज्या भावानं देता त्याच भावानं द्या," ते म्हणाले. "अम्मी बैलापेक्षा कमीच खाते."

तो कोंडा ताजा ताजा भाजून, त्यात जवस आणि गूळ घालून ते लाडू करायचे. एक मलाही दिला. पोत्याची चव मला लहानपणापासून ठाऊक आहे. लाडू तसाच लागला. पण तो माणूस माझ्या तोंडाकडे एवढ्या आशेने बघत होता की मी तो पूर्ण खाल्ला आणि वर शिवी दिली.

मग एका हिवाळ्यात सत्तारभाई मिलवर आले ते भिंगाशिवाय. दाण्याला हात लावला नाही. पोत्यावर बसले.

"सेठ, अम्मी खाऊन नाई राह्यली."

"लाडू बंद करा. मीही नाही खाणार."

"लाडवाचं नाई. ती म्हन्ते, माझा रोजा आहे. रोज म्हन्ते. सकाळी उठली की रमजान. संध्याकाळपर्यंत बसून राह्यते, अन् संध्याकाळी थकून झोपून जाते. मौलानासाहेबाले आनलं. त्यानं समजावलं, खाला, बिमाराले रोजा माफ आहे. तिनं त्याले घराबाहेर काढलं. वजन उतरून राह्यलं, सेठ."

मी काय करणार, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी वर छपराकडे बोट दाखवलं.

मिलच्या छपरावर एक भोंगा आहे. वर्षभर तो मुका असतो. फक्त रमजानात, दिवस मावळला की, रोजा सोडायची वेळ झाली हे गावाला कळावं म्हणून आम्ही तो वाजवतो. जुन्या मालकाच्या आजापासूनची ही रीत, मी मोडली नाही. खालाने आयुष्यभर त्या भोंग्यावर रोजा सोडला होता.

"दुपारी वाजवा," सत्तारभाई म्हणाले. "तवा ती जागी असते."

"तुम्हीच अजान द्या की घरात."

"अजान खोटी देता येत नाई. भोंगा लोखंडाचा आहे, त्याले पाप लागत नाई."

मी व्यापारी माणूस. इतकी वर्षं ज्याने मला छळलं तो आज पहिल्यांदा माझ्या दारात मागायला आला होता. मी म्हणालो, "वाजवतो. पण माझा तांदूळ मेलेला आहे, हे आजपासून बंद."

सत्तारभाईंनी बराच विचार केला. "ते नाई होनार," ते म्हणाले. "मेलेला आहे तो मेलेलाच आहे."

आईसाठी सूर्य मावळवायला निघालेला माणूस, आणि तांदळाबद्दल एक शब्द खोटा बोलायला तयार नाही. माझा संताप झाला. मी त्यांना हाकलून दिलं. ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन त्याच पोत्यावर बसले. तिसऱ्या दिवशीही. भांडले नाहीत, विनवलं नाही. नुसते बसायचे. शेवटी मीच म्हणालो, "माल पाहिल्याशिवाय मी सौदा करत नाही. उद्या घरी येतो."

हमालाला भोंगा कधी वाजवायचा ते सांगून मी दुपारी त्यांच्या घरी गेलो. खिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या. भिंतीवरचं घड्याळ मावळतीवर नेऊन ठेवलं होतं. कंदिलाच्या उजेडात खाला चादरीवर बसली होती, बांगड्या भरणारे ते हात मांडीवर. समोर बी काढलेले खजूर, मऊ खिचडी, उकडलेली अंडी, माशाचं कालवण. सत्तारभाई तिच्यासमोर पाहुण्यासारखे बसले होते.

"जबान दिखा," खाला त्यांना म्हणाली.

त्यांनी मुकाट्याने जीभ काढली. लहान पोरांचा रोजा खरा आहे का, हे बघायला घरोघरी असं करतात. जीभ कोरडी, पांढरी होती.

"रोज तपासते," ते माझ्या कानाशी कुजबुजले. "पाणी पिऊन बसलो की वळखते. मंग मौलानासाहेबासारखं मलेही बाहेर काढते."

म्हणजे इतके दिवस हा माणूस माझ्या पोत्यावर उपाशी बसत होता. मी काही बोलणार, तोच खाला माझ्याकडे वळली. "तू भी दिखा."

मी नुकताच तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन आलो होतो. जीभ बघून तिने नाक मुरडलं. "ये बेरोजा है. इसको बाद में देना."

भोंगा वाजला. भर दुपारी, मिलपासून थेट वैनगंगेच्या रस्त्यापर्यंत. खालाचा चेहरा उजळला. ओठ हलवून ती काहीतरी पुटपुटली, एक खजूर तोंडात घातला आणि दुसरा सत्तारभाईंच्या हातावर ठेवला. मग खिचडी खाल्ली, अंडं खाल्लं, मासा खाल्ला. सत्तारभाई घासाघासाला तिच्या जबड्याकडे बघत होते.

पोट भरल्यावर ती त्यांना म्हणाली, "अब घर जा, बेटा. तेरी माँ राह देखती होगी."

"हाँ जी," सत्तारभाई म्हणाले. उठले, चप्पल घातली आणि पुढच्या दाराने निघून गेले.

मी तसाच बसून राहिलो. खालाने ताटलीतला एक खजूर उचलला आणि पदराच्या टोकात बांधू लागली.

"भला लडका है," ती मला म्हणाली. "रोज अकेला आता है."

मागच्या दाराची कडी वाजली. अंगणाला वळसा घालून सत्तारभाई आत आले आणि उंबऱ्यावर थांबले. ती त्यांना कधी ओळखायची, कधी नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

"कौन? सत्तार?"

"हो, अम्मी."

"कित्ती देर लगाई," खाला म्हणाली, आणि पदराची गाठ सोडू लागली.