जानरावाचा गुपचूप उपवास

या, असे जवळ सरकून बसा. मागं भिंतीला टेकलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकून घेईल. गोष्ट उपवासाची आहे, पण ती ऐकायला पोट रिकामं हवं असा काही नियम नाही. पान खायचं असेल तर खा, फक्त मध्येच उठू नका.

अकोटच्या अलीकडं सावरखेड म्हणून गाव. तिथं नाल्याकाठी जानरावाचा वांगी-मिरचीचा मळा होता. घरात तो आणि बायको मैनाबाई. दोघंही मिशनची माणसं, आजाच्या वेळेपासून बाप्तिस्मा घेतलेली. जानराव देवभोळा, कष्टाळू, कोणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच. त्याचा उपवास म्हणजे डिप्टी कमिशनर साहेबाचा दौरा; वर्दी आधी गावभर पोचायची. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागला की जानराव भर दुपारी ओट्यावर बाज टाकून आडवा व्हायचा आणि असा काही कण्हायचा की रस्त्यानं जाणाऱ्याचा पाय अडखळायचा.

"काय जानराव, ताप आला का?"

"नाई बाप्पा. उपास हाय."

मग "अरेरे" ऐकू आलं की जानरावाला अर्धी भाकर खाल्ल्यासारखं वाटायचं. शेजारची बेबीताई कुणब्याघरची, पण मोठ्या मायेची. ती लिंबाचं सरबत आणून द्यायची. तिच्या मते साऱ्या गावात कडक उपास एकट्या जानरावाचा.

त्या वर्षी उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, अमरावतीहून फादर आले, त्यांनी सगळ्यांच्या कपाळाला राख लावली, आणि मग प्रवचनाला मिशनच्या शाळेचे देवीदास मास्तर उभे राहिले. मास्तरांचं प्रवचन म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. पेटी उघडायची, टाळ वाजायचे, आणि मास्तरांनी वरचा सूर धरला की पलीकडं मारुतीच्या पारावर बसलेली मंडळीही चिलीम खाली ठेवून कान द्यायची. त्या दिवशी मास्तर गायले:

उपास करशी, तेल लाव डोई ।
कळों नये काही शेजाऱ्याला ॥
उजव्या हाताने वाढशी भाकर ।
डाव्याला खबर नको देऊ ॥

आणि पेटीवरचा हात थांबवून म्हणाले, "बंधूंनो, प्रभूचे शब्द आहेत हे. लोकांनी पाहावं म्हणून जो उपवास करतो, त्याला त्याचं फळ इथंच मिळून गेलं. वरून काही यायचं नाही."

जानरावानं मनातल्या मनात हिशेब केला. म्हणजे इतक्या वर्षांचे उपास सगळे "अरेरे" मध्येच फिटले! वर एकही पोचला नाही! बरं, मास्तरांची नजरही गाताना आपल्यावरच होती, अशी त्याची खात्री पटली. मास्तर खरं म्हणजे खिडकीतल्या चिमणीकडं पाहत होते. पण जानरावानं तिथल्या तिथं ठरवलं, की निदान हा एक उपवासकाळ तरी थेट देवाच्या दारी जायला हवा, वाटेत कोणाच्या हाती लागता कामा नये. मिशनच्या देवळातून निघाल्याबरोबर त्यानं विहिरीवर जाऊन कपाळाची राखसुद्धा धुऊन टाकली.

दैव असं, की मैनाबाई तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला अमरावतीला गेली होती. राख, प्रवचन, मास्तरांचा अभंग, तिनं काहीच ऐकलं-पाहिलं नाही. ती परत आली आणि दारातच थबकली. दिवाळीच्या आंघोळीशिवाय ज्या डोक्याला तेल ठाऊक नव्हतं, ते डोकं चकचकत होतं. तोंड साबणानं धुतलेलं, मिशा विंचरलेल्या. वर जानराव हसत होता. कारण उपाशी माणसानं उदास दिसू नये, हेही शास्त्रातच होतं.

"अवं, दुपारची भाकर बांधून देत जाय," तो म्हणाला. "मी मळ्यातच खाईन."

"काहून? रोज तं घरी येता जेवाले."

"वांग्याले पानी द्याचं हाय."

"वांग्याले तेल लावून पानी द्या लागते का आता?"

जानराव नुसता हसला. उत्तर दिलं असतं तर खोटं तरी बोलावं लागलं असतं, नाही तर खरं.

खरं असं होतं, की जानराव आता रात्रीचं एकदाच जेवत होता. दुपारची भाकर नाल्यापलीकडं जाई. तिथं पार्बताबाई म्हणून एक म्हातारी एकटीच राहायची. डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. पातूरला तिचा पुतण्या होता, खुशालराव. त्यानं काकूचं शेतवावर आपल्या नावावर करून घेतलं आणि त्यानंतर काकूचं नाव टाकलं. जानराव जाई, काठीनं दार ठोकी, म्हातारीच्या हातात फडकं ठेवी आणि तोंडातून चकार शब्द न काढता परत फिरे. डाव्या हाताला खबर लागू नये म्हणून तो हात उपरण्यात घालून पाठीमागं घट्ट धरलेला असे. मास्तरांनी तसं करायला सांगितलं नव्हतं. पण जानराव कामात कसूर करणारा माणूस नव्हता.

आता न बोलता रोज भाकर आणून देणारा कोण असेल? म्हातारीनं विचार केला आणि तिला उमगलं. ज्याला बोलायला तोंड उरलेलं नाही, तोच असणार.

"खुशाला, माह्या लेकरा!" ती पाठमोऱ्या जानरावाला हाक मारून म्हणाली. "आला रे बाप्पा तुले पस्तावा. देव तुही कनगी भरो!"

जानरावाचा पाय मातीत रुतला. भाकर आपली, भूक आपली, आणि कनगी भरायची त्या लबाडाची! मागं वळून "मी जानराव हाय व माय" म्हणावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं. पण पुण्य उष्टं होईल म्हणून तो ओठ चावून चालू लागला. पोटातल्या भुकेपेक्षा त्याला हे जास्त जड गेलं.

इकडं बेबीताईचे डोळे काही बांधलेले नव्हते.

"मैनाबाई, मी काही म्हनत नाई," ती एक दिवस म्हणाली, आणि मग सगळं म्हणाली. "जानरावभाऊ मळ्याची वाट सोडून नाल्यापलीकडं जाते. तिकडं कापसाच्या जिनातल्या बाया राह्यतात. जाताना हातात भाकरीचं फडकं असते, येताना नसते. आन् तो डावा हात कावून झाकते? हातात काई असल्याबिगर मानूस हात झाकते का?"

"काय असन व?"

"मले काय मालूम? बांगड्या असतीन."

मैनाबाईनं त्या रात्री नवऱ्याकडं नीट पाहिलं. जेवण झाल्यावर तो गोठ्यात शिरला आणि आतून ताटी लावून घेतली. प्रार्थनाही दार लावून करावी, असं त्याच शास्त्रात होतं, म्हणून. घराला दाराची खोली नव्हती, त्याला तो काय करणार? बाहेर आला तेव्हा चेहरा असा समाधानी, की मैनाबाईच्या अंगाची लाही झाली.

भांडणारी बाई नव्हती ती. तिनं सोमवारपासून भाकरीबरोबरच्या पिठल्यात मूठभर मीठ जास्त घातलं. रात्रीचं तिलाही खायचं होतं, म्हणून फक्त दुपारच्या फडक्यातलं. म्हटलं, येईल बोंबलत, मग विचारू. सोमवार गेला. मंगळवारी मूठ मोठी झाली. बुधवारी तिनं सरळ विचारलं, "पिठलं कसं होतं?"

"बेस," जानराव म्हणाला. "तुह्या हाताले चवच अलग हाय."

मैनाबाईच्या मनात आलं, ज्याला मीठ कळत नाही त्याचं चित्त किती दूर गेलं असेल! शनिवारी सकाळी तिनं लुगड्यांचं बोचकं बांधलं आणि तडक महादेवराव पाटलांच्या ओट्यापुढं जाऊन उभी राहिली. उद्या झावळ्यांचा रविवार, पुढं ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा, आणि ही बाई अमरावतीला बहिणीकडं निघाली होती, कायमची.

पाटलांनी जानरावाला बोलावून घेतलं. बघता बघता सारं गाव ओट्याभोवती जमलं. देवीदास मास्तरही आले. जानराव उभा होता, डोक्याला तेल, तोंड लख्ख, आणि हसू मात्र आता कुठल्या कुठं गेलेलं.

"बोल जानराव," पाटील म्हणाले. "नाल्यापलीकडं कोन हाय?"

जानराव पेचात पडला. बोललो तर उपवास गेला, नाही बोललो तर बायको गेली. मैनाबाईनं बोचकं काखेला मारलं. ते पाहिलं आणि त्याचा सारा निश्चय ओरडतच बाहेर पडला.

"पाटील, मी उपासी हावो! राखेच्या बुधवारापासून! बाई-बिई काई नाई, माह्यी दुपारची भाकर मी पार्बतामायले देतो!"

मग असा हशा उठला की पाटलांच्या गोठ्यातले बैल उभे राहिले.

"उपास?" पाटील डोळे पुसत म्हणाले. "अबे, एकादस आली तं आमच्या घरी पोतंभर साबुदाना लागते. भगर लागते, शेंगदाने लागतात. तुह्या घरी काय आलं?"

"आन् मी नाई का पाह्यला याचा उपास?" बेबीताई पुढं झाली. "मागच्या साली कसा आंग टाकून पडला होता! मी सरबत नेलं होतं. त्याले म्हनतात उपास. असा तेल चोपडून, मिशा पिळून कोनी उपास करते का?"

"तुमचा उपास मले ठाऊक नाई?" मैनाबाई रडत रडत म्हणाली. "तुमी उपाशी असले तं गावाले झोप नसते."

"मास्तर!" जानरावानं हात जोडले. "तुमी तं सांगा. तुमीच गायले होते ना!"

देवीदास मास्तर बिचारे घाबरले. "गायलो होतो खरा," ते म्हणाले. "पण कोणाला कळू देऊ नका असंच गायलो होतो. मग मला तरी कसं कळावं?"

"म्हातारीले आना," पाटील म्हणाले.

पार्बताबाईला हात धरून आणलं. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

"पार्बतामाय, तुह्या घरी दुपारची भाकर कोन आनते?"

"माहा खुशाल!" म्हातारीनं छाती पुढं काढली. "पातुराहून येते लेकरू, रोज. लाजेपायी बोलत नाई."

"हा जानराव येते का कधी?"

"कोन, जानराव मळेवाला? त्यानं कधी किडकं वांगं तरी देल्लं का मले?"

पुन्हा हशा. जानरावानं खाली पाहिलं. ते वांग्याचं तर खरंच होतं.

"पन एक सांगतो पाटील," म्हातारी पुढं म्हणाली, कारण तिला आयतीच ऐकणारी माणसं मिळाली होती. "पोरगा सोन्यासारखा, बायको मात्र त्याले धड नाई भेटली. आधी बरी रांधे. ह्या सोमवारापासून पिठल्यात काय मीठ घालून राह्यली बाप्पा! माही जीभ सोलून निघाली. मी म्हनलं, सासूवर राग असन, पन इतका?"

सगळ्यांनी खुशालरावाच्या बायकोला नावं ठेवली. एकटी मैनाबाई बोलली नाही. तिच्या काखेतलं बोचकं हळूहळू खाली सरकत गेलं आणि पायाशी पडलं. सोमवारपासून. दुपारचं पिठलं. तिच्या तोंडावरचा रंग उडाला, परत आला आणि पुन्हा उडाला. एक वाक्य बोललं की नवरा सुटत होता. पण ते वाक्य असं होतं: हे मीठ माझं. नवऱ्याच्या ताटात मूठ मूठ मीठ घालणारी बाई म्हणून साऱ्या सावरखेडापुढं उभं राहायचं, आणि तेही बेबीताईच्या देखत!

"जाय बाई तू अमरावतीले," पाटील कळवळून म्हणाले. "माही बैलाची दमनी जोडून देतो."

मैनाबाईनं बोचकं उचललं. "राहू द्या पाटील," ती म्हणाली. "सन तोंडावर आला. झालं गेलं देवापाशी. मी चालली घरी." आणि मागं न पाहता चालू लागली.

"काय मन हाय बाईचं!" बेबीताईनं डोळ्याला पदर लावला. "एवढं होऊनबी पोटात घातलं." पाटलांनी जानरावाला बजावलं, की असली बायको मिळायला भाग्य लागतं. साऱ्या गावानं माना हलवल्या.

जानराव घरी आला तेव्हा मैनाबाई बोचक्यातली लुगडी परत जागेवर ठेवत होती.

"म्हंजे तुमी ते पिठलं खाल्लंच नाई?" मैनाबाई शेवटी म्हणाली.

"नाई."

"मंग बेस कायले म्हनलं?"

"न खाता काय सांगू? अन् तू मीठ काहून घातलं?"

मैनाबाई चूल फुंकू लागली. चूल विझलेली होती. "हे पाहा," ती राखेकडं बघत म्हणाली, "तुमी कोनाले सांगू नका."

"मी तं सांगितलं होतं. कोनी मानलं का?"

आणि बोलता बोलता जानराव थांबला. खरंच की! पाटलांच्या ओट्यावर, साऱ्या गावापुढं, घसा फोडून त्यानं सांगितलं होतं, आणि एकानंही विश्वास ठेवला नव्हता. त्याचा उपवास जसाच्या तसा गुपचूप राहिला होता. त्यानं नाही, देवानंच तो झाकला होता. वर म्हणून एक बदनामी बक्षीस.

शुभ शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, क्रूसामागून मिरवणूक निघाली तेव्हा बाया पदर सावरून जानरावापासून हातभर लांब चालत होत्या. मास्तर दुःखभोगाचं पद गात होते. जानराव सर्वांच्या मागं, खाली मान घालून. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर म्हणाले असते, निर्लज्ज आहे, अजून हसतो.

पार्बताबाईची भाकर चालूच राहिली, ईस्टर झाल्यावरही. आता पिठल्यात मीठ बेताचं आणि वर तुपाची धार. महिनाभरात म्हातारी गावभर सांगत सुटली की खुशालची बायको सुधारली. हे ऐकून मैनाबाईचा जीव कासावीस व्हायचा. पण बोलायची सोय तिनं स्वतःच बंद करून घेतली होती.

राहिली ती पातूरची बाई. तिचं नावही सावरखेडात कोणाला ठाऊक नव्हतं. तिनं चूल पेटवली नाही, मीठ घातलं नाही, तूपही वाढलं नाही. नवऱ्यानं वावर ढापलं तेव्हा तिला कोणी विचारलं नसेल. आणि तिच्या नावावर एका गावात आधी शिव्या पडल्या, मग आशीर्वाद. म्हणून मैनाबाई जिवंत होती तोवर रोज रात्री नवऱ्याशेजारी गुडघे टेकून त्या न पाहिलेल्या बाईसाठी मरियामातेची एक 'नमो मरिया' प्रार्थना म्हणत असे. आता मैनाबाई नाही, जानरावही नाही. तेव्हा आज घरी जाऊन हात जोडाल, तर तेवढी खुशालरावाच्या बायकोची आठवण ठेवा.