निरोपाची उघडी नोंद

मनोहर तारळेकरांच्या घरून निघालेले पाहुणे अकराव्या दिवशीही दारातच होते.

आटवडीच्या लोकांना यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. या गावात निरोप लांबतात. साधारण पाहुणा तासाभरात बाहेर पडतो, नात्यातला असेल तर दिवेलागण होते, आणि मागे कुंभारगल्लीत एक व्याही तेवीस दिवस उंबऱ्याशी उभे होते, त्यांची शिरगणती तिथेच झाली. नियम दोनच आहेत. दारात सुरू झालेलं बोलणं संपल्याखेरीज निघालेल्याचा पाय उचलत नाही, आणि निघालेला माणूस दारात उभा असेपर्यंत त्याला ओलांडून दुसऱ्या कुणी जायचं नाही. पहिला नियम शरीराचा आहे, दुसरा रीतीचा. आटवडीत दोन्ही सारखेच पक्के.

पाहुणे म्हणजे मनोहरांचे मावसभाऊ गजाभाऊ आणि त्यांची बायको शशिकलावहिनी. मनोहरांच्या मुलीला, शलाकाला, नोकरी लागली म्हणून ते पेढे घेऊन आले होते. मागच्या आठवड्यातल्या रविवारी सव्वाअकराला ते "चला, निघतो" म्हणून उठले. तेव्हापासून गजाभाऊंचा उजवा पाय चपलेत होता आणि डावा पाय चपलेबाहेर. वहिनींच्या हातातल्या पिशवीत ओटीचा नारळ होता. कुमुदताईंनी, म्हणजे मनोहरांच्या बायकोनं, त्यांना रोज सकाळी नव्यानं हळदकुंकू लावलं होतं, कारण निघालेल्या सवाशिणीला तसंच पाठवायचं नसतं. आता वहिनींच्या कपाळावर कुंकवाचा चांगला जाड थर साचला होता.

अडचण वेगळीच होती. शलाकाची नोकरी आसामात होती, चहाच्या मळ्यातल्या प्रयोगशाळेत माती तपासायची. येत्या सोमवारी हजर झाली नाही तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. त्यासाठी आज बुधवारी दुपारची चार दहाची एस.टी. मिळायलाच हवी होती. शलाका सकाळी सातपासून कपडे करून बॅगेवर बसली होती, आणि दारात गजाभाऊ होते.

मनोहर देवघरापासून दारापर्यंत फेऱ्या घालत होते. एकोणीस पावलं जायची, एकोणीस यायची. एकतीस वर्षं त्यांनी बसस्टँडवर वाहतूक नियंत्रकाचं काम केलं होतं. त्यांच्या हातून गाडी उशिरा सुटली ती एकदाच, आणि तेही ड्रायव्हरला विंचू चावला म्हणून. अशा माणसाच्या घरातून कुणी वेळेवर सुटू नये, याचा त्यांना इतका संताप आला होता की दाढी करताना हनुवटी दोनदा कापली.

"बराय मनोहर, येतो आम्ही," गजाभाऊ म्हणाले. त्यांची डावी टाच जमिनीपासून बोटभर वर उचलली गेली.

"या, या. सावकाश जा," मनोहर दाराशी येत म्हणाले. "अरे हो, तुमच्या शेजाऱ्यांनी कुत्र्याचं नाव काय ठेवलं शेवटी?"

टाच खाली आली.

"त्याची तर गंमतच झाली," गजाभाऊ म्हणाले, आणि ती गंमत पाऊण तास चालली. दरम्यान कुमुदताईंनी दोघांना उभ्या उभ्या उपमा दिला.

मनोहर तरातरा स्वयंपाकघरात आले. "काय माणसं आहेत! उठायचं म्हणून कळत नाही."

"उठलेत की ते. रविवारीच उठलेत."

"मग जात का नाहीत?"

कुमुदताईंनी तेलात मोहरी टाकली आणि ती तडतडून होईपर्यंत नवऱ्याकडे पाहत राहिल्या. "तुम्ही जरा इथं पाटावर बसता का? भाजी तरी निवडा."

"आणि दारात कोण उभं राहील? यजमान नको?"

मागचं दार होतं, नाही असं नाही. पण चांगल्या कामाला मागच्या दारानं जात नाहीत, हे शलाकालाही मान्य होतं. तिनं खिडकीचा विषय काढला. तिचा एक गज निघत होता.

"खिडकीतून निरोप घेता येत नाही," मनोहर म्हणाले. "खिडकीतून माणूस पळून जातो."

"मग पळून जाते, बाबा! दहा वाजले."

ते पुन्हा दाराकडे गेले, आणि जाता जाता त्यांना गजाभाऊंच्या विहिरीचं पाणी विचारायचं आठवलं.

शेवटी शलाकानंच नगरपरिषदेच्या निरोप विभागाला फोन लावला. दुपारी एक वाजता निरीक्षक शमीम मुल्ला आल्या. त्यांनी अंगणात घडीची खुर्ची उघडली, मांडीवर नोंदवही ठेवली, आणि दारातल्या पाहुण्यांच्या खांद्यावरून आतल्या माणसांशी बोलायला सुरुवात केली.

"निघालेल्या व्यक्ती किती?"

"दोन," मनोहर म्हणाले. "अकरा दिवस! मॅडम, यांना काढा. माझ्या पोरीची गाडी आहे."

"काढता येत नाही, काका. ऐकता येतं. तुम्ही रोजच्यासारखं बोला, मी बोलणं लिहून घेते. कुणाचं काय राहिलंय ते बघू."

दोन तास त्या लिहीत होत्या. गजाभाऊ दर थोड्या वेळानं "बराय, येतो" म्हणत होते. शशिकलावहिनी "चला हो" म्हणत होत्या. शलाका घड्याळाकडे पाहत होती, मनोहर फेऱ्या घालत होते, आणि मुल्लाबाईंची पेन्सिल एकदा टोक करून झाली होती. सव्वातीनला त्यांनी बेरीज मारली.

"दोन तासांत राहिलेल्या गोष्टी निघाल्या एकतीस. त्यातल्या पाहुण्यांच्या दोन. एक, वहिनींची छत्री. ती सापडली. दोन, गजाभाऊंनी पाणी मागितलं. उरलेल्या एकोणतीस यजमानांच्या."

"कुणाच्या?" मनोहर म्हणाले.

"तुमच्या, काका. वाचून दाखवते. 'लोणच्याला कैरी कुठली घेता?' 'तुमच्या गल्लीतला तो घड्याळजी अजून आहे का?' 'गजाभाऊ, चौथीत आपल्याला मारणारे मास्तर कोण?' हा प्रश्न तीन वेळा आलाय. उत्तरही तेच आलंय तीनदा."

"खोटं आहे! अहो, माझा इथं जीव टांगणीला लागलाय!"

"असेल. मी ऐकलं तेवढंच लिहिलंय. पाहुणे रविवारीच निघालेत. तुम्ही सोडत नाही आहात."

सगळे मनोहरांकडे पाहू लागले. गजाभाऊंनी घसा साफ केला. "मला सोमवारी दाढ काढायला जायचं होतं रे," ते हळूच म्हणाले. "तू विचारत गेलास म्हणून सांगत राहिलो. न सांगणं बरं दिसलं नसतं."

मनोहर तिथेच भिंतीला टेकले. त्यांना पाहुण्यांचा राग आलाच नव्हता. त्यांना भीती वाटत होती. हे दार मोकळं झालं की शलाका त्यातून जाणार होती, आणि आसाम म्हणजे काही शेजारचं वडूज नव्हे की सकाळी गेलं आणि जेवायला परत आलं. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या पोरी वेळेवर रवाना केल्या होत्या. फलाटावर डोळे पुसणारे बाप त्यांना कायम गाडीच्या आड येणारी माणसं वाटत आले. आज त्यांना त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागावीशी वाटली.

"आता पुन्हा म्हणा," मुल्लाबाईंनी गजाभाऊंना सांगितलं.

"बराय मनोहर, येतो."

मनोहरांनी ओठ घट्ट मिटून मान हलवली. गजाभाऊंचा डावा पाय उचलला गेला, हवेत जरा थांबला आणि चपलेत शिरला. दोघं पायऱ्या उतरली. फाटकाशी गजाभाऊंनी सवयीनं मागे वळून पाहिलं, तेव्हा मनोहरांनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. कुत्र्याला इंजेक्शन दिलं का, हे त्यांना खरोखरच विचारायचं होतं.

पावणेचार झाले. शलाका बॅग घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. कुमुदताईंनी तिच्या हातावर दही घातलं. "डबा वरच्या कप्प्यात आहे, पोचलीस की फोन कर, थंडीत डोकं धुऊ नकोस. माझं संपलं," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसून बाजूला झाल्या. त्यांना नेहमीच थोडक्यात बोलता यायचं.

मुल्लाबाईंनी नवीन पान काढलं. "निघालेली व्यक्ती एक. वडिलांचं काही राहिलंय?"

"एक राहिलंय," मनोहर म्हणाले.

"बाबा!" शलाकाचा आवाज चिरकला. तिनं पाय उचलून पाहिला.

"सुरू केलेलं नाही," मनोहर घाईघाईनं म्हणाले. "एक शब्दही बोललो नाही अजून. मॅडम, न सुरू केलेल्या बोलण्याला काय नियम आहे?"

मुल्लाबाईंनी वहीच्या मागची बारीक अक्षरांतली पानं चाळली. बोट फिरवत फिरवत एका जागी थांबल्या. "सुरू न केलेलं बोलणं पाय धरत नाही. मुलगी जाऊ शकते. पण मग नोंद बंद होत नाही. कागदावर ती दारातच राहील. चालेल?"

"चालेल."

"किती दिवस?"

"ठरवलेलं नाही."

त्यांनी 'ठरवलेलं नाही' असंच लिहिलं आणि मनोहरांची सही घेतली. मनोहरांनी खुंटीवरची नोकरीतली जुनी शिट्टी काढली, शर्टाला पुसली आणि फुंकली. ती अजून खणखणीत वाजत होती. शलाका हसली, रडली आणि धावत सुटली. चार दहाची गाडी चार दहाला सुटली.

याला आता तिसरं वर्ष. शलाका आसामात कायम झाली आहे, आणि तिथल्या मातीत काहीतरी कमी आहे ते तिनं शोधून काढलं आहे. दर मार्चमध्ये मुल्लाबाई येतात. "सांगितलं का, काका?" म्हणून विचारतात. "नाही अजून," मनोहर म्हणतात. त्या शिक्का मारतात आणि चहा घेतात. दार अर्धंच वापरात आहे. एकटी व्यक्ती उंबऱ्याची उजवी बाजू अडवते, त्यामुळे जाणंयेणं डावीकडून होतं. दूधवाला किटली पोटाशी धरून आडवा आत येतो. नवीन माणूस आला तर आतून मनोहर ओरडतात, "जरा बाजूनं. पोरगी उभी आहे."

गेल्या दिवाळीत शलाका घरी आली, तेव्हा तीही डाव्या बाजूनं, अंग चोरून आत आली. बॅग उजवीकडे लागू नये म्हणून तिनं ती डोक्यावर घेतली होती.