लाल्याचा गुडघा

आपला संघ जिंकला की माणसं पेढे वाटतात. आमचे हुसेनचाचा मात्र जिंकल्याची बातमी आली की डोक्याला फडकं बांधून बसायचे आणि दोन दोन दिवस कोणाशी धड बोलायचे नाहीत. कोणी अभिनंदन केलंच, तर मयताच्या घरी सनई वाजवणाऱ्याकडे बघावं तसे त्याच्याकडे बघायचे. "जिंकलो," एवढंच म्हणायचे. "आता आली पंचाईत."

बरं, हा संघ मुरुडचा नव्हे, मुंबईचा नव्हे, हिंदुस्थानचाही नव्हे. तो होता वेल्स नावाच्या मुलखाचा, आणि खेळ रग्बी. चाचांनी सारी उमर कोळशाच्या बोटींवर भंडारी म्हणून, म्हणजे स्वयंपाकी म्हणून काढली. त्या बोटी कार्डिफच्या बंदराला लागत, आणि तिथंच त्यांना हे दुखणं जडलं. म्हातारपणी ते मुरुडला परत आले, दुखणं सोबत घेऊन आले. त्यांचा जुना सोबती गनीभाई तिकडेच खलाशांची खाणावळ चालवायचा. तो दर सामन्यानंतर तिकडची वर्तमानपत्रं टपालानं धाडायचा. चाचांना इंग्रजी बोलता येई, वाचता येत नसे. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. त्यामुळे वाचनाचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

वाचन बंदरावरच्या रामभाऊच्या चहाच्या दुकानात चाले. पहिल्या वर्षी ऐकायला आम्ही दोघंच असू. पुढे हरी तांडेल येऊन बसू लागला. हा कोळीवाड्यातला मातबर माणूस, दोन मचव्यांचा धनी, आवाज असा की बोलला तरी भांडतोय असं वाटावं. त्यानं एकदा रोखठोक विचारलं, की जिल्ह्यात माणसं मीठ उचलून तुरुंगात गेली आणि तुम्ही गोऱ्यांचे पोवाडे काय गाता? चाचा शांतपणे म्हणाले, की ते गोरे असले तरी साहेब नव्हेत. खाणीत उतरून कोळसा काढणारी माणसं आहेत ती, आणि साहेब त्यांनाही हिंग लावून विचारत नाही. वर्षातून एकदा साहेबाच्या संघाशी त्यांची गाठ पडते, तेव्हा मात्र ती त्याला चिखलात लोळवतात.

एवढं कानावर पडलं आणि सबंध कोळीवाडा वेल्सचा झाला.

खेळ समजावून सांगण्याचा प्रसंग अजून आठवतो. चेंडू कसा असतो म्हणाल तर असोला, म्हणजे न सोललेला नारळ. तो पोटाशी धरून पळायचं आणि रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. हरी तांडेलानं तिथल्या तिथं नारळ उचलला, दोन खलाशांना अंगावर घेतलं आणि रामभाऊच्या कपबशांसकट रेषेपलीकडे गेला. रामभाऊनं पुढे महिनाभर सगळ्यांना पितळी पेल्यात चहा दिला.

खेळाडूंची नावं चाचांच्या जिभेला झेपत नसत, आमच्याही नसत. म्हणून त्यांनी बारसंच करून टाकलं होतं. एक रेडा, एक सारंग, एक मुनीमजी. सगळ्यांचा लाडका होता लाल्या. वय वीस-एकवीस, केस तांबडे, आणि पाय हरणाचे. वर्तमानपत्रात एकदा त्याचं चित्र आलं होतं, ते रामभाऊनं गणपतीशेजारी चिकटवलं. चाचांची त्याला हरकत नव्हती. चित्रात लाल्याची मान उघडी दिसते, थंडीत असा उभा का राहिला, एवढीच त्यांची तक्रार होती.

तर त्या वर्षी पौषात टपाल आलं, आणि त्यात साहेबाला हरवल्याची बातमी होती. शेवटच्या घटकेला लाल्यानं नारळ टेकवला होता. दुकानात एकच गलका झाला. हरी तांडेलानं सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजला, जी गोष्ट त्याच्या लग्नातही घडली नव्हती. मी पुढे वाचत गेलो. सामन्याच्या मध्यावर लाल्याचा उजवा गुडघा मुरगळला, त्याला दोघांनी धरून बाहेर नेलं, आणि पट्टी बांधून तो पुन्हा आत आला. त्या खेळात एकाच्या जागी दुसरा घ्यायची सोय नव्हती. त्याच गुडघ्यावर धावून त्यानं सामना जिंकून दिला होता.

चाचांनी डोक्याला फडकं बांधलं.

पुढचा सामना चार आठवड्यांनी. कागद मुरुडला पोचेपर्यंत त्यातले तीन उलटून गेले होते. संघ कोणाकोणाचा असावा यावर दुकानात जे रणकंदन झालं, ते मी जन्मात विसरणार नाही. लाल्या हवाच, असं सगळ्यांचं मत. असल्या गुडघ्यानं साहेबाला हरवतो, तर बऱ्या गुडघ्यानं काय करील? कोणी म्हणालं, उंडीचं तेल चोळा. कोणी म्हणालं, बिब्बा घाला. गुडघ्याचा तज्ज्ञ नाही असा माणूस त्या दिवशी बंदरावर नव्हता. चाचा एकटे एका बाजूला. जो पाय एकदा दगा देतो तो पुन्हा देतो, पण जिंकणाऱ्याचं दुखणं कोणाला दिसत नाही, हरले असते तर ते कप्तानाला दिसलं असतं आणि त्यानं लाल्याला घरी बसवलं असतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. ऐकतो कोण?

शेवटी हरी तांडेल वैतागला. "चाचा, तुमी-आमी बोलून काय व्हनार हाय? त्याच्या घरचा कुनी जाऊन नको बोलला, तर कप्तान ऐकल."

हे तो सहज बोलून गेला. आमच्याकडे नारळी पौर्णिमेच्या आधी तांडेल आपल्या मचव्यावरची माणसं ठरवतो. त्या वेळी कोणाच्या घरचा वडीलधारा दाराशी येऊन 'यंदा माझ्या पोराला नेऊ नको' म्हणाला, तर तांडेल कारण विचारत नाही, त्या पोराला नेत नाही, आणि पोरालाही कोणी हसत नाही. वडिलांचा शब्द म्हणजे शब्द. हा रिवाज मुरुडच्या खाडीबाहेर चालत नाही, हे सांगायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. मीही गप्प बसलो, आणि मी शिकलेला होतो.

चाचा उठले आणि मला म्हणाले, "मास्तर, चला. तार करायची हाय."

तारमास्तर भित्रा माणूस. विलायतेला तार, ती मुरुडहून, आणि तीही त्या दिवसांत, म्हटल्यावर त्याला घाम फुटला. मजकूर मी लिहून दिला होता. गनीभाईच्या पत्त्यावर: लाल्याचा गुडघा वाईट. कप्तानाच्या दाराशी जा. पोराला घेऊ नको म्हणावं. घरच्या वडिलांचा निरोप. तारमास्तरानं तो चार वेळा वाचला. लाल्या कोण, कप्तान कुठल्या पलटणीतला, आणि गुडघा हा काही गुप्त संकेत तर नाही ना, असं त्यानं हलक्या आवाजात मला विचारलं. मी खेळाचं सांगितलं, तेव्हा त्याचा संशय दुप्पट झाला. अखेर त्यानं चाचांनाच विचारलं, हा लाल्या तुमचा कोण लागतो?

चाचांनी तारेचे पैसे मोजून पुढे ठेवले. मग म्हणाले, "घरचा हाय."

तार गेली. पुढचे दिवस चाचांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. सामना कधीच होऊन गेला असेल, जे व्हायचं ते झालंही असेल, असं मी एकदा समजावू पाहिलं. ते म्हणाले, की कागद येत नाही तोवर काही झालेलं नसतं. आगबोट आली की ते धक्क्यावर उभे, आणि टपाल नाही म्हटलं की पाय ओढत घरी. नमाजानंतर त्यांची दुआ लांबत चालली होती. त्यांच्या बायकोनं माझ्या घरी येऊन विचारलं, की लाल्या म्हणजे नक्की कोण, आणि तिकडे यांचं दुसरं घर तर नाही ना. तिची समजूत घालता घालता माझा दिवस गेला.

फाल्गुनात कागद आला. सगळे जमले. मी वाचलं. आपण हरलो होतो. साधं हरणं नव्हे, पार धूळधाण. कारणही दिलं होतं: लाल्या संघात नव्हता. डॉक्टरानं मना केलं, एवढंच लिहिलं होतं. गनीभाई कोणाच्या दाराशी गेला की नाही, त्याला कोणी उभं केलं की नाही, याचा कागदात उल्लेख नव्हता, आणि पुढेही ते आम्हाला कधी कळलं नाही.

पण दुकानाला पुराव्याची गरज नव्हती. साऱ्यांचा रोख चाचांवर वळला. हरी तांडेल तर उठलाच. म्हाताऱ्यानं एक तार करून आपला संघ बुडवला, असं तो सगळ्यांना ऐकू जाईलसं बोलला आणि बाहेर पडला. त्याच्या मागोमाग बाकीचेही गेले. रामभाऊनं तोंड फिरवून भांडी घासायला घेतली.

चाचांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी डोक्याला फडकंही बांधलं नाही. लाल्याबद्दल आणखी काही लिहिलंय का, असं त्यांनी मला विचारलं. खाली कोपऱ्यात एक ओळ होती. लाल्या ओव्हरकोट घालून प्रेक्षकांत बसला होता. ती ओळ त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

"गल्याशी बटनं लावलेली?"

तसं कागदात नव्हतं. मी म्हणालो, "लावली असतील."

मग ते बोलू लागले. इतक्या वर्षांत हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ होता, दाऊद. एका सफरीत दोघं एकाच बोटीला, चाचा भटारखान्यात आणि दाऊद बोटीच्या पोटात कोळसा ओढण्याच्या कामावर. दाऊद कामाला वाघ. निघायच्या आदल्या दिवशी त्याचा गुडघा सुजला. बोटीचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, गावचाच माणूस. तो वडील भावाला विचारायला आला.

"मला विचारलान, मास्तर. बोलला, हुसेन, तू नको बोल, मी ठेवून जातो त्याला. दाऊद माज्याकडं बघत व्हता. त्याला यायचा व्हता. मी बोललो, फिट हाय, घे."

कार्डिफच्या अलीकडे दर्या खवळला आणि दाऊद कोळशाच्या कोठारात शिडीवरून पडला. गुडघ्यानं आयत्या वेळी दगा दिला. त्याला कार्डिफला दफन केलं. कबरीपाशी चाचा, गनीभाई आणि आणखी दोघं, एवढीच माणसं. परतताना रस्त्यात गर्दी लागली, ती लोटेल तिकडे चाचा गेले आणि एका मैदानात पोचले. आयुष्यात पहिल्यांदा तो खेळ त्यांनी पाहिला, आणि त्यांना काहीएक कळलं नाही.

त्या क्षणी मला स्वतःची, हरीची, साऱ्या दुकानाची लाज वाटली. चाचा कागदाची घडी घालत होते.

"एक पोर पडला, मास्तर. त्याला उचलून भायेर नेला, तेव्हा सगला मैदान उठून उभा राह्यला. हजारो माणसा, एका पोराच्या पायासाठी. मी बी उभा राह्यलो," ते म्हणाले. "त्या पोरासाठी नाय."