काम चालू आहे

जावईबापूंना कलेतलं सगळं कळत असे. हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं असल्यामुळे शंकेला जागा नव्हती. राष्ट्रीय कलासंग्रहालयात मार्गदर्शकाची जागा निघाली होती आणि उद्या मुलाखत होती. आज रंगीत तालीम म्हणून ते बायकोला आणि सासऱ्यांना घेऊन आले होते. नोकरी सुटून आठ महिने ते सासऱ्यांकडेच मुक्कामाला होते, त्यामुळे ही जागा त्यांना मिळावी म्हणून सासरे त्यांच्याहून जास्त आतुर झाले होते.

संग्रहालय म्हणजे जुनं न्यायालय आणि शेजारची टपाल कचेरी, दोन्ही डागडुजी करून एका पुलानं जोडलेली. त्यातला निम्मा गिलावा सासऱ्यांच्या हातचा. त्यांनी जन्मभर चुना लावला, पण भिंतींना. जावईबापू माणसांना लावत.

न्यायालयाच्या मोठ्या दालनात भिंतीवर तपकिरी डाग पसरला होता. खाली बादली, बाजूला शिडी आणि एक पाटी: ‘काम चालू आहे’.

“आहाहा!” जावईबापू थबकले. “नाव बघा काय दिलंय! कलावंताचं काम कधी संपतच नाही!”

“ओल आहे ती,” सासरे म्हणाले.

“ओलच! अंतःकरणातली ओल!”

“वरचा नळ फुटलाय हो.”

“अहो, बाबांना भिंतीतलं कळतं,” बायको हळूच म्हणाली.

“भिंतीतलं कळतं, भिंतीवरचं नाही!”

एवढ्या ठासून बोलणाऱ्याला माहिती असणारच, अशा समजुतीनं माणसं जमू लागली. एक बाई तर वहीत उतरवून घेऊ लागल्या. सासऱ्यांनी बोटाच्या पेरानं भिंत ठोकली. “पोकळ वाजतंय. पडणार हे.”

“हात लावू नका!” जावईबापू गरजले.

त्या आवाजानं रखवालदार धावत आला. इतकी गर्दी त्यानं कुठल्याच चित्रापुढे पाहिली नव्हती. त्यानं विचार करण्याऐवजी दोरी बांधली, कारण ते काम त्याला येत होतं.

तेवढ्यात डबा खाऊन नळवाला परतला. “माझा पाना आहे बादलीत. घेऊ द्या ना.”

“दोरीच्या आत जायचं नाही,” रखवालदार म्हणाला.

“अहो, वर पाणी वाहतंय!”

“ऐकलंत?” जावईबापू दोरीला टेकून गर्दीकडे वळले. “कलाकृती बघणाऱ्याला किती अस्वस्थ करते!”

आणि भिंतीचा हातभर गिलावा त्यांच्या डोक्यावर आला. ते नखशिखांत पांढरे झाले. गर्दीला हाही कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्यांचा कडकडाट ऐकून संचालिकाबाई खाली आल्या. त्यांनी भिंत पाहिली, जावईबापूंना पाहिलं आणि सगळी हकिकत सासऱ्यांकडून ऐकून घेतली.

दुसऱ्या दिवशी मुलाखत दोन मिनिटांत आटोपली. “तुमच्याकडे माणसं थांबतात,” बाई म्हणाल्या. “जागा तुमची. पहिला महिना कुठे उभं राहायचं, तेही ठरलंय.”

भिंतीचं काम बाईंनी सासऱ्यांनाच दिलं होतं. सोमवारपासून ते शिडीवर आणि जावईबापू खाली, दोरीपाशी. लोकांना पलीकडच्या वाटेनं पाठवायचं आणि मागितलं की घमेलं वर द्यायचं. तोंडातून कलेचा शब्द काढायला सक्त मनाई होती.

पहिल्याच सकाळी एक रुबाबदार गृहस्थ सहकुटुंब समोर येऊन उभे राहिले. “हे काय आहे?”

“काम चालू आहे,” जावईबापू पडेल आवाजात म्हणाले.

“वा!” गृहस्थ बायकोकडे वळले. “नाव बघ काय दिलंय!”

“जावईबापू,” शिडीवरून आवाज आला, “चुना द्या.”