डोळे मिटून सायकल

बासष्टाव्या वर्षी, म्हणजे तशी मी कोवळीच होते, मी शर्यतीची सायकल विकत घेतली. डॉक्टर म्हणाले होते, गुडघ्यांसाठी सायकल चालवा; कसली, ते म्हणाले नव्हते. डिचोलीच्या दुकानात बोकडाच्या शिंगांसारखं हँडल असलेली लाल सायकल दिसली आणि मी भाळले. तिच्यावर ओणवं बसलं की रस्ता आणि स्वतःची चप्पल, एवढंच जग दिसायचं. लाटंबार्शाच्या वळणावर जाऊबाईंनी विचारलं, "खंय चल्लीस गो?" उत्तर द्यायला मी मान वर केली आणि सायकलीसकट शेतातल्या चिखलात गेले.

मला वर काढलं दत्तारामने. हा दोडामार्गाकडचा, खाणीवर ट्रक चालवायचा, खाणी बंद पडल्यावर आमच्याच वाड्यावर राहिला, एकटा. त्याने आधी सायकल निरखली, मग मला.

"वयनी, ही घेताना डोळे मिटलेले काय?"

चांगले उघडे होते, म्हटलं.

"थयच चुकलात."

वाड्यावर कुणाला सायकल घ्यायची असली की दत्ताराम निवडून द्यायचा, ती डोळे मिटून. स्वतःचे नव्हे, घेणाऱ्याचे. तो माणसाला सोप्यावर बसवी, डोळे मिटायला लावी आणि म्हणे, "आता घरातसून भायर पडा. सावकास." मग तुम्ही बसल्या जागी पाय फिरवत वाट सांगायची आणि तो तुमच्या पायांकडे बघत राहायचा. शेजारचे मास्तर म्हणाले, मला फक्त पोट उतरवायचंय. मनातल्या मनात निघाले, आणि पाय आपोआप भज्यांच्या गाड्यापाशी थांबले. दत्तारामने त्यांना पुढे टोपलीवाली सायकल घ्यायला लावली. पोट राहिलं, पण मास्तर रोज फिरायला लागले.

"वेग माका सांगू नकात," तो म्हणे, "पाय खय जड जाता ता सांगा." चढावर जड झाले तर गिअर, खडीवर बिचकले तर जाड टायर.

माझी पाळी आली तेव्हा काजूला मोहर होता. डोळे मिटल्यावर वास आणखीच गोड झाला. मी देवळावरून गेले, पोदेराच्या भट्टीवर गरम पाव घेतले, ओहोळाकाठी रेंगाळले. खरं सांगते, परत यावंसं वाटेना. डोळे उघडले तर दत्ताराम हसत होता. वाटभर माझा हात म्हणे वर होता, लोकांना रामराम करत. म्हणून मला ताठ बसता येईल असं उंच हँडल, साडीत ओलांडता येईल असा खाली वाकलेला दांडा, आणि थांबल्यावर चवडे टेकतील एवढीच सीट.

त्या सायकलीवर माझी वर्षं धुक्यातून तरंगत गेली. सकाळी निघायचं, दत्तारामच्या पायरीवर एक पाय टेकवून, न उतरता चार गोष्टी बोलायच्या आणि पुढे.

यंदा पर्वरीला राहणाऱ्या माझ्या लेकाने जागच्या जागी चालणारी सायकल पाठवली. ह्या वयात रस्ता बंद, व्यायाम घरातच, म्हणाला. मी गुणी मुलीसारखी भिंतीकडे बघत पेडल मारू लागले. गुडघे खूश होते. भिंत काही बोलत नव्हती.

काही दिवसांनी दत्ताराम आला, इस्त्रीचा सदरा घालून, पाहुण्यासारखा. यंत्राभोवती फिरला, सीटची उंची तपासली, बरोबर आहे म्हणाला. बशीत ओतून चहा प्यायला. मग उठला आणि उंबऱ्यात चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाला,

"मशीन बरा आसा, वयनी. फकत सकाळचा दार आता मी कोणासाठी उघडू?"