टाकीचं विरजण

आमच्या शहरात थंडी नळाने येते, रोज पहाटे साडेपाच ते सव्वासहा. मी आमच्या वॉर्डाचा चावीवाला. रस्त्याच्या कडेचा व्हॉल्व्ह फिरवून थंडी सोडायची आणि वेळ झाली की बंद करायची. आकाशातून थंडी येईनाशी झाली तेव्हा महापालिकेने बदलत्या हवामानाचा जाडजूड आराखडा केला होता. त्यातलं हे एकच कलम अमलात आलं.

थंडी टेकडीवरच्या टाकीत विरजतात. संध्याकाळी दिवसभराची तापलेली हवा टाकीत भरायची, कालची वाटीभर थंडी तिच्यात घालायची आणि झाकण लावून हलवायची नाही. पहाटेपर्यंत छान लागते. आमच्या लहानपणी ती न विरजता आपणहून दारात यायची, हे माझ्या पोरांना खरं वाटत नाही. "काहीही सांगता, बाबा," म्हणतात.

यंदा मे महिन्यात घोळ झाला. पारा सत्तेचाळीसवर गेला, प्रत्येक नगरसेवकाला आपल्या वॉर्डात पाच मिनिटं जास्त हवी होती, आणि त्या नादात टाकी तळापर्यंत वाटून टाकली. विरजणाला ठेवायचंच राहिलं. ज्यांच्या आयांनी जन्मभर दह्याची वाटी आधी बाजूला काढली आणि मग पानं वाढली, त्या लोकांनी हे केलं! मला अजून राग येतो.

तीन दिवस नळाला नुसती गरम फुसफुस. दवाखान्यांत खाटा पुरेनात. शेवटी बनसोडसाहेबांनी, म्हणजे आमच्या अभियंत्यांनी, आम्हाला घरोघर विरजण मागायला पाठवलं. लोकांनी फ्रिजची थंडी पुढे केली. ती चालत नाही, फाटते.

अस्सल थंडी निघाली कैलासवासी टिपणीस मास्तरांच्या बायकोकडे, गोदूताईंकडे, लोणच्याच्या छोट्या बरणीत.

"अठ्ठ्याहत्तर सालची आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांचा आवाज आहे यात, सुदाम. दर वर्षी ह्यांच्या तिथीला झाकण उघडून ऐकते. तळाला एवढीच उरलीय."

"उद्या वाटीभर परत आणून देतो, ताई."

"थंडी देशील रे. आवाज असेल का तिच्यात?"

मला खोटं बोलवेना. "साहेबांना विचारतो," म्हटलं.

शेजारच्या घरात तान्हं पोर उकाड्याने सारखं रडत होतं. ताई बराच वेळ बरणी मांडीवर घेऊन ते ऐकत बसल्या.

"ने," त्या म्हणाल्या. "आत्ताच ने. दिवेलागण झाली की मी विरजण देत नाही कुणाला."

टाकीवर साहेबांनी बरणीला कान लावला. "पुरुषाचा आवाज आहे. सार्वजनिक पुरवठ्यात खाजगी आवाज चालत नाही. गाळून घ्या आणि तशी सही करा."

"चमचाभरच आहे, साहेब."

"मग फडकं पातळ घ्या."

मी फडकं ओलं केलं, पिळून दांडीवर वाळत घातलं, विरजण होतं तसं टाकीत सोडलं आणि गाळल्याची सही केली. वीस वर्षांच्या नोकरीतली ही पहिली खोटी सही. बायकोला सांगायची हिंमत झाली नाही.

पहाटे आधी टाकीतली वाटीभर बाजूला काढली, मग खाली येऊन व्हॉल्व्ह फिरवला. अंगावर काटा आला. त्या थंडीला पाचोळ्याच्या शेकोटीचा, बंबाच्या धुराचा वास होता. मला माझी आई आठवली आणि मी भर रस्त्यात रडलो. मग घराघरांतल्या नळांमधून एका पुरुषाचा खणखणीत आवाज आला.

"अगं गोदू, तेल गोठलंय! बाटली उन्हात ठेव!"

लोकांनी कपाटं उघडून पाहिली. खोबरेल तेल खरंच गोठलं होतं. बाटल्या घेऊन सगळे गॅलरीत आले आणि उन्हाची वाट पाहू लागले. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. आता नोकरी गेली, असं म्हणत मी तो घेतला. मागे त्यांचाही नळ ओरडत होता.

"सुदाम," साहेब म्हणाले, "बाटली किती वेळ ठेवायची असते रे?"

"कोवळं ऊन आलं की अर्धा तास, साहेब."

समोरच्या गॅलरीत गोदूताई कठड्याला धरून उभ्या होत्या. गल्लीतल्या चाळीस नळांतून मास्तर पुन्हा ओरडले. ताईंनी डोळे पुसले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ठेवते हो!" त्या कडाडल्या. "साऱ्या गावाला कशाला ऐकवताय?"